पिक्सेल एलईडी पट्टी: कंदील, मखर आणि मराठीत वेळ सांगणारं घड्याळ

गणपतीच्या आधी पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फेरी मारली, की रंग बदलत धावणाऱ्या पट्ट्या दुकानादुकानांत टांगलेल्या दिसतात. आपण एक घेतो, सोबतच्या रिमोटवरची सगळी बटणं दाबून बघतो आणि चार दिवसांनी ती एकाच रंगावर ठेवून देतो. मला याची मनापासून हळहळ वाटते. कारण पिक्सेल पट्टीतल्या प्रत्येक दिव्याला स्वतःचा क्रमांक असतो. सतरावा केशरी, अठरावा बंद, एकोणिसावा मंद पिवळा, असं एकेकाला सांगता येतं. धावते रंग ही या पट्टीची सर्वात कमी महत्त्वाची करामत. कोणता दिवा कशासाठी, हे आपण ठरवायला लागलो की खरी मजा सुरू होते.

हा लेख ज्यांनी कधी सोल्डरिंगची काडीही हातात धरलेली नाही, त्यांच्यासाठी आहे. आधी पायाच्या गोष्टी, मग मी घरी केलेली तीन कामं. तिसरं माझं सर्वात लाडकं, त्यामुळे त्यावर जास्त लिहिलं आहे.

पट्टी ओळखायची कशी

साध्या रंगीत पट्टीला कापायच्या जागी चार टिकल्या असतात: एक वीजपुरवठ्याची आणि लाल, हिरव्या, निळ्या रंगाची एकेक. तिच्यात सगळे दिवे एकदम एकाच रंगाचे होतात. आपल्याला हवी ती पट्टी तीन टिकल्यांची असते: ५ व्होल्ट, डेटा आणि ग्राउंड. शिवाय तिच्यावर बारीक बाण छापलेला असतो. दिवा बंद असताना जवळून बघा, पांढऱ्या चौकोनात एक काळा ठिपका आणि त्याला जोडलेल्या केसाहून बारीक तारा दिसतील. तो ठिपका म्हणजे त्या दिव्याचा स्वतःचा मेंदू.

त्याचं काम प्रसादाच्या परातीसारखं चालतं. परात पहिल्याकडे येते, तो आपला पेढा उचलतो आणि उरलेली परात पुढे सरकवतो. इथे पेढा म्हणजे २४ बिट, तिन्ही रंगांसाठी प्रत्येकी ८. एका दिव्याची माहिती पोचायला सुमारे ३० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ३०० दिव्यांचं वाटप ९ मिलिसेकंदांत उरकतं. डोळ्यांना ते एकाच क्षणी झाल्यासारखं वाटतं.

पहिल्यांदा घेताना दुकानात असं सांगा: डब्ल्यूएस २८१२बी, ५ व्होल्टची, मीटरला ६० दिव्यांची. घरातल्या कामाला आयपी ३० म्हणजे उघडी पट्टी चालते. गॅलरीसाठी आयपी ६५, म्हणजे वरून सिलिकॉनचा थर असलेली घ्या. १२ व्होल्टचीही पिक्सेल पट्टी मिळते, पण डब्ल्यूएस २८११ चिपच्या पट्टीत सहसा तीन दिवे मिळून एक क्रमांक असतो. लांबच्या कमानीला ती बरी, बारीक कामाला नको.

पट्टीबरोबर लागतं ते एवढंच: ईएसपी३२ चा एक बोर्ड (पट्टीला हुकूम देणारा, वायफाय असलेला तळहाताएवढाही नसलेला संगणक), डेटा जाणारी यूएसबी वायर (काही वायरींतून फक्त चार्जिंग होतं, त्या चालत नाहीत), ५ व्होल्टचा वीजपुरवठा, ३३० ते ४७० ओहमचा एक रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न.

विजेचा हिशोब आधी

एक दिवा पूर्ण पांढरा, पूर्ण तेजाने लावला तर जास्तीत जास्त ६० मिलिअँपिअर घेतो. ५ मीटरमध्ये ३०० दिवे, म्हणजे १८ अँपिअर, म्हणजे ९० वॉट. मोबाइलचा चार्जर याला पुरणारच नाही. प्रत्यक्षात घरच्या सजावटीत इतकं तेज कोणी ठेवत नाही, ठेवूही नये, डोळे दिपतात. तरी हिशोब करूनच एसएमपीएस (घरातली वीज ५ व्होल्टची करून देणारा पुरवठ्याचा डबा) घ्या आणि त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांवर जाऊ नका. १० अँपिअरच्या एसएमपीएसकडून ८ अँपिअरच मागायचे.

ही गोष्ट मी कायमची शिकले ती चतुर्थीच्या आदल्या रात्री. मखराच्या कमानीला अखंड ५ मीटर पट्टी लावली होती, वीज फक्त डाव्या टोकाला दिलेली. पांढरा रंग लावला तर डावी बाजू शुभ्र आणि उजवीकडे जाता जाता पिवळट, शेवटी चक्क तांबूस. मला वाटलं पट्टीच खराब आहे. खरं कारण असं, की पट्टीतलं तांबं पातळ असतं, लांब जाता जाता व्होल्टेज पडतं. निळ्या आणि हिरव्या दिव्याला जास्त व्होल्टेज लागतं म्हणून ते आधी मंदावतात, लाल मात्र टिकून राहतो. रात्री एक वाजता एसएमपीएसपासून उजव्या टोकाला जाड वायरींची वेगळी जोडी नेली आणि कमान दोन्हीकडून सारखी उजळली. तेव्हापासून माझा नियम: मीटरला ६० ची पट्टी असेल तर दर अडीच मीटरला ५ व्होल्ट आणि ग्राउंड या दोन्ही वायरी नव्याने जोडायच्या. डेटाची वायर मात्र एकदाच, सुरुवातीला.

एसएमपीएसच्या एका बाजूला घरातली २३० व्होल्टची वीज येते. तिथले स्क्रू उघडे ठेवू नका, अर्थिंग जोडा, आणि तुम्हाला सवय नसेल तर तेवढं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. ५ व्होल्टच्या बाजूला शॉक बसत नाही, पण शॉर्ट झालं तर वायर तापून पेट घेऊ शकते. थर्माकोलला अशी पट्टी चिकटवलेली बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीत सजावटीचा थर्माकोलही आला आहेच. पुठ्ठा, प्लाय, बांबू, कापड यांतून मखर जास्त देखणं होतं.

जोडणी

कापायची खूण टिकल्यांच्या बरोबर मधून जाते. कात्रीने तिथेच कापा. टिकलीवर सिलिकॉन असेल तर नखाने किंवा ब्लेडने हलकेच खरवडा, तांबं चमकलं पाहिजे. मग आधी टिकलीवर सोल्डरचा एक थेंब बसवा, वायरीच्या टोकालाही सोल्डर पाजा, आणि शेवटी दोन्ही एकमेकांवर ठेवून आयर्न दोन सेकंद टेकवा. थेंब वितळून चकचकीत झाला की आयर्न उचला आणि फुंकर न घालता हात स्थिर धरा. जास्त वेळ टेकवली तर टिकली उखडून येते. पहिले पाच जोड वाकडे होतील, सहाव्यापासून हात बसेल. सरावासाठी पट्टीचा शेवटचा तुकडा वापरा.

मग क्रमाने:

१. एसएमपीएसचा ५ व्होल्ट पट्टीच्या ५ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला.
२. या दोन वायरींच्या मध्ये, पट्टीच्या तोंडाशी, कपॅसिटर. त्याच्या अंगावर पांढरा पट्टा असलेला पाय ग्राउंडकडे. उलटा लावला तर तो फुटतो.
३. बोर्डाच्या १६ क्रमांकाच्या पिनेपासून रेझिस्टर, तिथून पट्टीच्या डेटा टिकलीला. बाण बोर्डापासून दूर जाणारा हवा. बाणाच्या उलट्या टोकाला जोडलं तर काहीच पेटत नाही.
४. बोर्डाचं ग्राउंडसुद्धा एसएमपीएसच्या ग्राउंडला जोडा. नवख्यांकडून सर्वात जास्त राहून जातं ते हेच, आणि मग पट्टी वेड्यासारखी लुकलुकते.

बोर्ड ३.३ व्होल्टचा संदेश पाठवतो, पट्टीला ३.५ च्या आसपास अपेक्षित असतो. वायर वीतभर असेल तर सहसा भागून जातं. जास्त लांब न्यायची असेल तर मध्ये ७४एएचसीटी१२५ ही चिप लावा, ती संदेश ५ व्होल्टचा करून देते.

पहिलाच दिवा मेला आणि पुढची सगळी पट्टी गप्प झाली, तर ती टाकून देऊ नका. तो एक दिवा कापा आणि दुसऱ्यापासून जोडा.

प्रोग्रॅम न लिहिता सुरुवात

डब्ल्यूएलईडी नावाचं फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर यासाठी आहे. संगणकावर क्रोम किंवा एज उघडा, बोर्ड यूएसबीने जोडा, डब्ल्यूएलईडीच्या इन्स्टॉलच्या पानावर जाऊन बटण दाबा. दोनेक मिनिटांत ते बोर्डात उतरतं. मग फोनच्या वायफायमध्ये डब्ल्यूएलईडी-एपी नावाचं नेटवर्क दिसेल. त्याला जोडून ब्राउझरमध्ये ४.३.२.१ हा पत्ता टाका आणि घरच्या वायफायची माहिती भरा. घरचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं लागतं, ५ चं या बोर्डाला कळत नाही.

आता एलईडी प्रेफरन्सेसमध्ये चार गोष्टी भरा: पिनेचा क्रमांक, दिव्यांची संख्या, रंगांचा क्रम आणि विजेची मर्यादा. लाल लावलं आणि हिरवा पेटला तर घाबरायचं कारण नाही. या पट्ट्यांचा क्रम हिरवा-लाल-निळा असतो, तो निवडा. विजेच्या मर्यादेचा रकाना कधीच मोकळा सोडू नका. तिथे तुमच्या पुरवठ्याच्या ८० टक्के आकडा घातला, की सॉफ्टवेअर स्वतःच तेज आवरतं.

पहिलं काम: आतून जळणारा आकाशकंदील

साध्या बल्बने कंदील उजळतो, पण तो उजेड एका जागी गोठलेला असतो. आपल्याला ज्योत हवी. ३२ मिलिमीटर जाडीचा, वीतभर लांबीचा पीव्हीसी पाइप घ्या. त्याचा घेर साधारण १० सेंटिमीटर भरतो. त्याच्यावर १ मीटर पट्टी खालून वर नागासारखी गुंडाळा. प्रत्येक वेढ्यात सहा दिवे येतात आणि दहा वेढ्यांत साठ. बाणाची सुरुवात खाली, म्हणजे पहिला दिवा तळाशी. डब्ल्यूएलईडीतला फायर २०१२ हा इफेक्ट पहिल्या दिव्यापासून शेवटच्याकडे ज्योत चढवतो, त्यामुळे पाइपवर ती खरोखर वर जाताना दिसते.

पाइप कंदिलाच्या मधोमध टांगा, कागदाला चिकटू देऊ नका. दिवे उघडे दिसले की सगळा खेळ संपतो. कागद आणि दिवा यांतलं अंतर निदान दोन दिव्यांमधल्या अंतराएवढं ठेवायचं, म्हणजे ठिपके एकमेकांत विरघळतात. मीटरला ६० च्या पट्टीत ते साधारण १७ मिलिमीटर असतं. कंदिलात त्याहून कितीतरी जास्त जागा मिळते, म्हणूनच पहिल्या कामाला कंदील सर्वात सोपा. पतंगाचा कागद उत्तम, बटर पेपरही छान.

रंग निवडताना लाल २५५, हिरवा १००, निळा १० पासून सुरुवात करा आणि संध्याकाळी कंदील टांगून नजरेने ठरवा. तेज निम्म्यावर ठेवलंत तर ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर पुरतो. बोर्ड एका डबीत घालून वर, पावसापासून दूर ठेवा. कोकणात दिवाळीतही एखादी सर येऊन जाते.

दुसरं काम: मूर्तीमागची प्रभावळ

४० सेंटिमीटर व्यासाची प्लायची तबकडी कापून घ्या. पट्टी काठापासून थोडी आत बसते, त्यामुळे तिचा घेर साधारण १०४ सेंटिमीटर येतो, म्हणजे ६२ च्या आसपास दिवे. पट्टी तबकडीच्या मागच्या बाजूला, काठापासून दोन बोटं आत, दिव्यांचं तोंड भिंतीकडे करून चिकटवा. पट्टी सपाट वळत नाही, तेव्हा दर पाच-सहा दिव्यांनी कापून छोट्या वायरींनी जोडत गोल पूर्ण करा. कंटाळवाणं काम आहे, पण घाई करू नका. तबकडी भिंतीपासून किंवा मागच्या पडद्यापासून ५ ते ८ सेंटिमीटर पुढे ठेवली, की दिवा एकही दिसत नाही, फक्त मूर्तीच्या मस्तकामागे उजेडाचं वलय उमटतं.

डब्ल्यूएलईडीत तीन प्रीसेट, म्हणजे रंग आणि तेजाच्या जपून ठेवलेल्या मांडण्या, करून ठेवा. दिवसभरासाठी मंद सोनेरी. संध्याकाळी लोक दर्शनाला येतात तेव्हाचा, वलयातून सावकाश फिरणारा केशरी. तिसरा आरतीचा, आणि तो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो: तेज १० टक्क्यांवर, रंग स्थिर. आरतीत निरांजनाच्या ज्योतीचा उजेड मूर्तीच्या चेहऱ्यावर हलताना दिसला पाहिजे. आपली रोषणाई त्यावर चढली तर ज्यासाठी सगळं मांडलं तेच झाकलं जातं. हा प्रीसेट एका साध्या पुश बटणाला जोडता येतो. आमच्याकडे ते चौरंगाच्या कडेला आहे आणि आई टाळ हातात घ्यायच्या आधी ते दाबते.

मोठ्या मंडळांचे रोषणाईवाले याच जातीचे पिक्सेल वापरतात, फक्त बहुतेकदा टी-१००० सारखा कंट्रोलर आणि मेमरी कार्डावर आधीच तयार केलेलं चित्र घेऊन. एखादा ओळखीचा असेल तर त्याच्या शेजारी एक संध्याकाळ बसा, वायरी बांधण्याची शिस्त पुस्तकापेक्षा तिथे चांगली कळते.

जिन्याच्या पायऱ्यांखाली एकेक तुकडा लावून पाऊल पडेल तशी पायरी उजळवता येते. ईएसपी३२ ला डिजिटल माइक जोडला तर ढोलाचा खर्ज एका रंगात आणि झांजेचा किणकिणाट दुसऱ्या रंगात नाचवता येतो. ही कामं वरच्या दोन्हींतून हात बसला की आपोआप सुचतात.

तिसरं काम: शब्दघड्याळ

अक्षरांच्या जाळीतून वेळ वाक्यात सांगणारी घड्याळं इंग्रजी-जर्मनमध्ये पुष्कळ आहेत. मराठीत ते करायला बसले तेव्हा लक्षात आलं, की आपल्या भाषेत वेळेची केवढी श्रीमंती आहे. पाव तासाच्या प्रत्येक टप्प्याला आपल्याकडे स्वतःचा शब्द आहे: सव्वा, साडे, पावणे. आणि त्यावर पाऊण, दीड, अडीच हे तीन मानकरी. साडेएक आणि साडेदोन कोणी म्हणत नाही.

एका चौकोनात एक अक्षर धरलं, तर सगळे शब्द मिळून ४४ चौकोन लागतात. ते सात बाय सातच्या जाळीत, एकही शब्द न तुटता, असे बसतात:

पा व णे स व्वा सा डे
पा ऊ ण दी ड ए क
अ डी च दो न ती न
अ क रा चा र पा च
स हा सा त आ ठ ●
न ऊ द हा बा रा ●
वा ज ला ले ● ● ●

ठिपके पाच उरतात. घड्याळ पंधरा-पंधरा मिनिटांनी शब्द बदलतं, म्हणून चार ठिपके मधल्या मिनिटांसाठी: टप्प्यानंतर दर तीन मिनिटांनी एक पेटतो. पाचवा, अगदी शेवटचा, दिवस-रात्रीसाठी. दिवसा पिवळा, रात्री निळा.

यासाठी मीटरला ३० दिव्यांची पट्टी घ्या. दोन दिव्यांत ३३ मिलिमीटर अंतर असतं, त्यामुळे पाटी साधारण २५ सेंटिमीटर चौरस होते. सात-सात दिव्यांचे सात तुकडे कापा. पहिला डावीकडून उजवीकडे, दुसरा उजवीकडून डावीकडे, असे नागमोडी चिकटवा, म्हणजे ओळी जोडणाऱ्या वायरी आखूड राहतात. ५ मिलिमीटर जाडीच्या सनबोर्डच्या पट्ट्यांना निम्म्यापर्यंत खाचा पाडून एकमेकींत अडकवा आणि प्रत्येक दिव्याला स्वतःची खोली करा. भिंतीला फट राहिली तर 'चार' पेटल्यावर शेजारचा 'पाच' फिकट दिसतो. मी फटींत काळी चिकटपट्टी भरली.

अक्षरांसाठी ओएचपीच्या पारदर्शक शीटवर काळ्या पार्श्वभूमीवर उघडी अक्षरं छापून घ्या. एका शीटचा काळा पुरेसा गडद होत नाही, दोन शीट एकावर एक ठेवा आणि त्यांच्यामागे बटर पेपर. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' हा फुकट मिळणारा फॉन्ट ठळक वजनात उजेडाला छान उघडतो. शिरोरेषा चौकोनाच्या कडेच्या जरा अलीकडेच थांबवा. लेझरने पत्रा कापून घेतलात तर 'व' आणि 'च' यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, शीटवर छापताना ती अडचणच येत नाही.

आता प्रोग्रॅम. इथे डब्ल्यूएलईडीऐवजी आर्डुइनोत (बोर्डासाठी प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर) फास्टएलईडी ही दिवे चालवणारी तयार लायब्ररी वापरून थोडं लिहावं लागतं. बोर्ड वायफायवरून वेळ घेतो, त्यात आपल्या साडेपाच तासांचे १९,८०० सेकंद मिळवायचे. दिव्याचा क्रमांक काढताना ओळी आणि रकाने शून्यापासून मोजा. सम ओळीत क्रमांक म्हणजे ओळ गुणिले ७ अधिक रकाना. विषम ओळ उलटी जाते, म्हणून तिथे ओळ गुणिले ७ अधिक (६ वजा रकाना). 'चार' ओळ ३, रकाने ३ आणि ४ मध्ये आहे, म्हणजे दिवे २४ आणि २३.

शब्द निवडायला मिनिटांना १५ ने भागा. भागाकार ० आला तर नुसता तास, १ ला सव्वा, २ ला साडे, ३ ला पावणे आणि पुढचा तास. मग चार अपवाद: १२:४५ ला नुसतं 'पाऊण', १:१५ ला नुसतं 'सव्वा', १:३० ला 'दीड', २:३० ला 'अडीच'. उरलं क्रियापद. 'एक वाजला' पण 'दोन वाजले'. हे कसं बसवायचं याचा मी दोन दिवस विचार करत होते आणि मग कागदावर मांडल्यावर ते आपोआप सुटलं: पाऊण, एक, सव्वा, दीड या चौघांना 'वाजला', बाकी सगळ्यांना 'वाजले'. म्हणजे पाऊण वाजल्यापासून पावणेदोनपर्यंत, बरोबर एक तास, 'ला' पेटतो आणि एरवी 'ले'.

एका वेळी जास्तीत जास्त चौदा दिवे लागतात, त्यामुळे इथेही साधा चार्जर पुरतो.

भिंतीवर टांगायच्या आधी प्रोग्रॅममध्ये वेळ हाताने बदलत पाच वेळा तपासा. १२:३० ला 'साडे बारा वाजले' आलं पाहिजे, १२:४५ ला 'पाऊण वाजला', १:१५ ला 'सव्वा वाजला', १:४५ ला 'पावणे दोन वाजले'. आणि २:३० ला १४, १५, १६, ४२, ४३, ४५, ४८ हे सातच दिवे पेटले पाहिजेत. डावीकडे वर 'अडीच', खाली 'वाजले', आणि कोपऱ्यात दिवसाचा पिवळा ठिपका.